मुडदूस, गोषा आणि गर्भातली किडनी: एका एन्झाइमच्या शोधाची गोष्ट

"डॉक्टर, आपल्या संगमेश्वरात उन्हाला काय तोटा आहे? मग बाळाला हे डीचे थेंब रोज कशाला पाजायचे?"

लसीकरणाच्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुधा आजींकडून येतो. प्रश्न अगदी बरोबर आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर कोकणात ऊन भरपूर असते. व्हिटॅमिन डी उन्हाने तयार होते हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मग उन्हाच्या देशात बाळाला त्याची कमतरता का भासावी?

माझे नेहमीचे उत्तर दोन वाक्यांचे असते. गर्दीच्या ओपीडीत त्याहून जास्त वेळ मिळत नाही. पण या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्याचे एक महत्त्वाचे पान आपल्या महाराष्ट्रात, नाशिक आणि मुंबईत लिहिले गेले, आणि त्याचे उत्तर शेवटी आईच्या पोटातल्या बाळाच्या किडनीपर्यंत जाऊन पोहोचते. आज तीच गोष्ट सविस्तर सांगतो.

नाशिकचे कोडे

मुडदूस हा शब्द आपल्याकडे जुना आहे. मूल उशिरा चालते, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, टाळू लवकर भरत नाही, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात. मोठ्या माणसांत हाच आजार झाला तर हाडे मऊ पडतात. कंबर दुखते, चाल बदकासारखी होते. बाईच्या बाबतीत त्याचा परिणाम फार भयंकर होई. ओटीपोटाचा हाडांचा कटोरा आतल्या बाजूला दबून जाई आणि बाळ बाहेर यायला वाटच उरत नसे. सिझेरियन सुरक्षित नव्हते त्या काळात अशी प्रसूती म्हणजे अनेकदा आई आणि बाळ दोघांचा मृत्यू.

१९२० च्या आसपास युरोपात मुडदूस हा काळोख्या, धुरकट औद्योगिक शहरांतल्या गरिबांचा आजार मानला जाई. काही डॉक्टर म्हणत की आहार निकृष्ट आहे म्हणून तो होतो. काही म्हणत की कोंदट हवेमुळे होतो. अशा वेळी हचिसन नावाच्या डॉक्टरांनी भारतात, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, या आजाराचा शोध घेतला. १९२१ मध्ये पटेल या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुंबई शहरातल्या मुडदुसावर लिहिले. १९२२ मध्ये शहा या सहकाऱ्यांबरोबर नाशिक भागातल्या पाहणीवर त्यांचा मोठा लेख 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला.

त्यांना जे दिसले ते युरोपच्या समजुतीच्या नेमके उलट होते. मुडदूस आणि मऊ हाडे गरिबांच्या झोपडीत नव्हती. ती खात्यापित्या घरांत होती. ज्या घरांत बायका गोषात राहत, मग ते घर मुसलमानाचे असो की हिंदूचे, तिथे दूध, तूप, धान्य यांची ददात नसूनही बायकांची हाडे मऊ पडत होती आणि त्यांच्याजवळ आतल्या खोल्यांत वाढणारी तान्ही मुले मुडदुसाने वाकत होती. उलट शेतावर राबणाऱ्या मजूर बाईचे मूल अर्धपोटी असले तरी बांधावर, झाडाखाली, उघड्यावर वाढत होते आणि त्याचे पाय सरळ होते.

म्हणजे फक्त ताटाकडे बघून हे कोडे सुटणार नव्हते. फरक होता तो उघड्यावर वावरण्यात, उन्हात. काही वर्षांनी श्रीनगरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये गोषा पद्धत आणि मातृत्व यावर पुस्तकच लिहिले. बंद घरात वाढलेल्या मुलीच्या ओटीपोटाची हाडे कशी बिघडतात हे त्यांनी प्रसूतीच्या खोलीत वर्षानुवर्षे पाहिले होते.

ऊन त्वचेवर पडते, परिणाम हाडावर होतो. मध्ये काय घडते?

उन्हाचा संबंध याआधीही काहींच्या लक्षात आला होता. जपानमध्ये राहून आलेले इंग्रज डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्येच जगभरातून माहिती गोळा करून लिहिले होते की जिथे ऊन तिथे मुडदूस नाही. पण त्यांच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही.

१९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश दिला. मुले बरी झाली. पण यातली सर्वात बोलकी गोष्ट वेगळीच होती. एकाच हातावर प्रकाश दिला तरी दुसऱ्या, अंधारात ठेवलेल्या हाताची हाडेही भरून आली. याचा अर्थ प्रकाश हाडावर थेट काम करत नव्हता. त्वचेत काहीतरी तयार होत होते आणि ते रक्तातून सगळीकडे फिरत होते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांना मुडदूस घडवून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो हे दाखवले. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलातल्या घटकाला व्हिटॅमिन डी हे नाव दिले. महायुद्धानंतरच्या उपाशी व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या बाळांवर पाहिले की ऊन आणि हे तेल, दोन्हींनी मुडदूस बरा होतो. आहारवाले आणि उजेडवाले असे दोघेही बरोबर निघाले.

इथे गोष्ट संपली असे सगळ्यांना वाटले. ऊन घ्या किंवा तेल प्या, हाडे नीट होतील. पुढची ४० हून अधिक वर्षे बहुतेकांची समजूत हीच होती की व्हिटॅमिन डी स्वतःच हाडावर आणि आतड्यावर काम करते. ती चुकीची होती.

किडनीकडे बोट दाखवणारा जुना पुरावा

१८८३ मध्ये लंडनचे डॉक्टर लुकास यांनी एक निरीक्षण नोंदवले होते. काही किशोरवयीन मुलांची हाडे मुडदुसासारखी वाकत होती आणि त्यांच्या लघवीतून प्रथिने जात होती. म्हणजे किडनी आजारी होती. पुढे अशा रुग्णांना व्हिटॅमिन डी दिले तरी नेहमीच्या मात्रेने फरक पडत नाही, असे डॉक्टरांना दिसत राहिले. औषध पोटात जाते, ऊन अंगावर पडते, तरी हाडे मऊच. किडनीचा या सगळ्याशी काय संबंध?

उत्तर यायला १९७० साल उजाडले. त्याआधी १९६८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या डेल्युका यांच्या प्रयोगशाळेने दाखवले होते की व्हिटॅमिन डी यकृतात थोडे बदलते आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी बनते. आज आपण रक्ताची जी "व्हिटॅमिन डी टेस्ट" करतो, ती याच पदार्थाची असते. पण हाही शेवटचा टप्पा नव्हता.

केंब्रिजमध्ये एगॉन कोडिसेक यांच्या चमूने एक युक्ती केली. व्हिटॅमिन डीच्या रेणूतल्या पहिल्या कार्बनवर किरणोत्सारी हायड्रोजनची खूण आणि चौथ्या जागी किरणोत्सारी कार्बनची खूण, अशा दोन खुणा केल्या. मग हे व्हिटॅमिन कोंबडीच्या पिल्लांना दिले आणि आतड्याच्या पेशींत काय पोहोचते ते पाहिले. पोहोचलेल्या पदार्थात कार्बनची खूण होती, पण हायड्रोजनची गायब होती. म्हणजे वाटेत कुठेतरी पहिल्या कार्बनवर काहीतरी नवे जोडले गेले होते आणि त्या जागेवरचा हायड्रोजन निघून गेला होता. पण हे जोडकाम कुठे चालते?

१९७० मध्ये डेव्हिड फ्रेझर आणि कोडिसेक यांनी 'नेचर'मध्ये त्याचे उत्तर छापले. ज्या उंदरांच्या किडन्या काढल्या होत्या त्यांच्या शरीरात हा नवा पदार्थ तयारच होत नव्हता. उलट किडनीच्या ऊतीचा लगदा परीक्षानळीत घेतला तरी तिथे तो तयार होई. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्या पदार्थाची रचना उलगडली. तो होता १,२५-डायहायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजेच कॅल्सिट्रिऑल.

हे जोडकाम करणाऱ्या एन्झाइमला, पाठ्यपुस्तकी मराठीत विकराला, वन-अल्फा-हायड्रॉक्सिलेज म्हणतात. उन्हाने सुरू झालेले काम तो पूर्ण करतो. त्वचेत कच्चा माल बनतो, यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते आणि किडनीत तो कामाचा होतो. मग आतडी अन्नातले कॅल्शियम उचलू लागतात. लुकास यांनी पाहिले तसे रुग्ण पुढे व्हिटॅमिन डी घेऊनही का बरे होत नव्हते ते आता कळले. त्यांच्या किडनीतला हा कामगारच निकामी झाला होता.

पोटातल्या बाळाची किडनी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा एन्झाइम बाळाच्या किडनीत कधी येतो?

माणसाच्या गर्भात किडनी एकदा नव्हे, तीनदा बनते. पहिली चौथ्या आठवड्यात उगवते आणि लगेच विरून जाते. दुसरी काही आठवडे थोडेफार काम करते. तिसरी पाचव्या आठवड्यात सुरू होते आणि तीच आयुष्यभर राहते. तिसऱ्या महिन्यात तिच्यात लघवी तयार होऊ लागते. तिच्यातल्या गाळण्या आणि त्यांच्या नलिका, म्हणजे नेफ्रॉन, आतून बाहेर अशा क्रमाने बनत जातात. सर्वात जुने नेफ्रॉन खोल आत असतात, नवे कडेला. म्हणूनच नलिकांतले बरेच एन्झाइम आधी आतल्या जुन्या नेफ्रॉनमध्ये दिसू लागतात आणि मग बाहेरच्या थरांत. साधारण ३६ आठवड्यांपर्यंत नवे नेफ्रॉन बनणे थांबते. त्यानंतर आयुष्यात एकही नवा नेफ्रॉन बनत नाही. प्रत्येक किडनीत सरासरी १० लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात, पण माणसामाणसांत हा आकडा खूप बदलतो.

आपला एन्झाइम या नलिकांच्या पेशींत असतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधील लिऑनचे साल आणि कॅनडातील मॉन्ट्रियलचे ग्लोरिओ यांच्या गटांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या रक्तातले कॅल्सिट्रिऑल पहिल्या काही दिवसांत रोज मोजले. ते वाढत गेले. म्हणजे ही बाळे अपुऱ्या दिवसांची असूनही त्यांच्या किडनीत हा एन्झाइम कामाला तयार होता. त्याला यायला पूर्ण नऊ महिने लागत नाहीत.

गंमत अशी की पोटात असताना बाळाला त्याची फारशी गरजच नसते. नऊ महिन्यांत बाळाच्या हाडांत साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम जमा होते आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. ते आतड्यातून येत नाही. वार, म्हणजे प्लॅसेंटा, ते आईच्या रक्तातून खेचून बाळाला देते. बाळाच्या रक्तातले कॅल्शियम आईपेक्षाही जास्त असते. एवढे कॅल्शियम असताना बाळाची पॅराथायरॉइड ग्रंथी शांत असते, आणि तिचा आदेश नसला की किडनीतला हा एन्झाइमही मंद राहतो. शिवाय १९७९ मध्ये कळले की गरोदरपणात हेच काम वार आणि गर्भाशयाचे अस्तरही करू शकते.

याचा आणखी एक पुरावा एका दुर्मिळ आनुवंशिक आजारातून मिळाला. १९६१ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्राडर यांनी अशी मुले पाहिली की ज्यांना व्हिटॅमिन डी मिळत असूनही मुडदूस होता. १९७३ मध्ये त्यांच्यातला दोष याच जोडकामात आहे हे दिसले आणि १९९७ मध्ये या एन्झाइमचे जनुकच सापडले. ही मुले जन्मतात तेव्हा त्यांची हाडे सहसा ठीक असतात. आजार जन्मानंतरच्या महिन्यांत उघड होतो. एन्झाइम नसला तरी पोटात वार सांभाळून घेते, बाहेर आल्यावर सांभाळणारे कुणी नसते.

नाळ कापल्यानंतर

नाळ कापली की कॅल्शियमचा आयता पुरवठा एका क्षणात बंद होतो. पुढच्या एक-दोन दिवसांत बाळाच्या रक्तातले कॅल्शियम खाली येते. पॅराथायरॉइड जागी होते आणि किडनीतल्या एन्झाइमला आता खरे काम मिळते. बाळाच्या आतड्याला दुधातले कॅल्शियम उचलायला शिकवणारा हॉर्मोन त्याला बनवायचा असतो.

पण कामगार हजर असला तरी कच्चा माल लागतो. तो कुठून येणार? बाळाकडे असलेले २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी सगळे आईकडून वारेतून आलेले असते आणि त्याची पातळी आईपेक्षा कमीच असते. आईच्याच रक्तात ते नसेल तर बाळ रिकाम्या कोठारानिशी जन्माला येते. जे थोडे आलेले असते त्यातले निम्मे दोन-तीन आठवड्यांत संपते. आईच्या दुधात बाकी सगळे असले तरी व्हिटॅमिन डी फार कमी असते. अशा बाळाला पहिल्या काही महिन्यांत कॅल्शियम कमी होऊन झटके येऊ शकतात, आणि नंतर मुडदूस.

आता नाशिकची ती घरे पुन्हा आठवा. गोषातल्या आईचे कोठार रिकामे, तिच्याजवळ काळोख्या खोलीत वाढणारे बाळही उन्हाविना. बाळाच्या किडनीत एन्झाइम तयार होता. त्याला कच्चा माल कुणीच देत नव्हते. हचिसन आणि शहा यांना हा एन्झाइम माहीत असणे शक्यच नव्हते. पण त्यांनी आई आणि बाळ यांना एकत्र पाहिले, ही त्यांची दृष्टी आजही उपयोगी आहे.

एन्झाइम नक्की कोणत्या नलिकेत?

हा शोध अजून पूर्णपणे मिटलेला नाही. प्राण्यांवरच्या सुरुवातीच्या प्रयोगांनी बोट दाखवले ते नेफ्रॉनच्या सुरुवातीच्या वळणदार नलिकेकडे. १९९९ मध्ये निकयार आणि सहकाऱ्यांनी दाखवले की याच नलिकेच्या पेशींवर मेगालिन नावाचे प्रथिन असते. गाळून निघालेले व्हिटॅमिन डी ते पुन्हा आत ओढते. म्हणजे कच्चा माल आत येण्याचे दार तिथेच आहे. पण त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी माणसाच्या किडनीत एन्झाइम रंगवून पाहिला, तेव्हा तो नेफ्रॉनच्या पुढच्या, दूरच्या नलिकांमध्ये जास्त दिसला. म्हणून "किडनीत" एवढेच म्हटले तर उत्तर बरोबर असले तरी अपुरे असते. कोणत्या वयात, कोणत्या नलिकेत आणि कोणाच्या आदेशाने, हेही विचारावे लागते.

परत आपल्या घरात

आता कुणी म्हणेल, गोषा तर गेला. खरेच गेला का? आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाही. जुन्या घरात ती खोली माजघराला लागून असते, तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. शेकशेगडी, तेलाचे मालीश, टोपडे, दुपटे हे सगळे मायेने होते, पण ऊन मिळत नाही. त्यात जूनमध्ये जन्मलेल्या बाळाला गणपतीपर्यंत सूर्याचे दर्शन जेमतेम. शहरात तर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काचेतून आलेले ऊन असते, आणि काच नेमके हवे ते किरण अडवते.

पुण्याच्या एका झोपडपट्टीतल्या लहान मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना ऊन मिळत नव्हते त्यांच्यात व्हिटॅमिन डी खूप कमी होते आणि मुडदुसाच्या खुणाही होत्या. बाहेर खेळणाऱ्यांची स्थिती चांगली होती. नाशिकच्या पाहणीला तोवर जवळजवळ ९० वर्षे झाली होती, शहर बदलले होते, निष्कर्ष तोच होता.

म्हणून आजींना मी आता काय सांगतो ते थोडक्यात:

- गरोदरपणातच सुरुवात करा. बाळाचे कोठार आईच्या रक्तातून भरते. सकाळची घाई आटोपल्यावर अंगणात, खळ्यात हातपाय उघडे ठेवून बसणे हे औषधच आहे. गरज असल्यास डॉक्टर व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम देतात, ते टाळू नका.
- बाळाला जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डी द्यावे, अशी बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची शिफारस आहे. थेंबांच्या बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते. किती मिलिलिटर द्यायचे ते चिठ्ठीत नीट लिहून घ्या.
- साठ हजार युनिटची पुडी मोठ्यांची असते. शेजारणीने सांगितले म्हणून ती तान्ह्या बाळाला देऊ नका. जादा डीने रक्तातले कॅल्शियम वाढून बाळाच्या किडनीलाच इजा होऊ शकते.
- कॅल्सिट्रिऑल हे साधे व्हिटॅमिन नाही, तयार हॉर्मोन आहे. ते किडनीच्या आजारात किंवा एन्झाइमच्या दोषात तज्ज्ञ देतात. टॉनिक म्हणून घेऊ नका.
- नियमित व्हिटॅमिन डी देऊनही मुलाचे पाय वाकत असतील, चालणे उशिरा येत असेल किंवा झटका आला, तर थांबू नका. अशा वेळी रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस आणि किडनी तपासावी लागते.

आणि शेवटी, आजी, तुमचे म्हणणे खरेच आहे. संगमेश्वरात उन्हाला तोटा नाही. पण ते ऊन आधी आईच्या अंगावर पडायला हवे. बाळाच्या किडनीतला कामगार जन्माआधीच तयार होऊन बसलेला असतो. त्याच्या हाती कच्चा माल पोहोचेपर्यंत रोजचे चार थेंब ती जबाबदारी सांभाळतात.